मशीन इसरतं व्हय?

ती चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे. थर्मल कागदाची, चार बोटं रुंद. छापलेलं आता जवळजवळ उडालंय. उजेडात तिरकी धरली तर ‘४.२ लिटर’ आणि ‘फॅट ७.१’ एवढं कसंबसं वाचता येतं. तारीख गेली. नाव तर केव्हाच गेलं.

ती माझ्या हातात आली ती सकाळ २०२० च्या श्रावणातली. गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावात दूध संस्थेच्या दारात मी उभी होते. बाहेर पाऊस असा की समोरचा डोंगर नव्हताच. आत ओल्या पोत्यांचा, सांडलेल्या दुधाचा आणि शेणाचा मिळून जो वास होतो तो. टेबलावर आमची पेटी. एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला फॅट काढायचं मशीन, मध्ये छोटा प्रिंटर. सकाळी सात वाजता ऐन संकलनात वीज गेली होती, ती अर्ध्या तासानं आली आणि पेटी सुरू झाल्यावर पडद्यावर नोंदींऐवजी इंग्रजीतली एकच ओळ. सचिवांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता. “ताई, सकाळचं दूध दिसंना झालंय.” मी गाडी काढली. पोचेपर्यंत गावात बातमी पसरली होती आणि तोंडाला पदर लावलेल्या पाचसहा बाया पागोळ्यांखाली थांबल्या होत्या. त्यातली सगळ्यात म्हातारी पुढं आली, कनवटीतनं चिठ्ठी काढली आणि सचिवांसमोर धरली. “मी आलतो की. ही काय चिठ्ठी.” आमच्या कोल्हापुरात बायका आलतो, गेलतो असंच बोलतात, माझी आईही तसंच बोलायची, त्यामुळं तो आवाज थेट आत गेला. सचिव म्हणाले, “आज्जी, चिठ्ठी हाय ओ, पर मशिनीत न्हाई. मशिनीत न्हाई तर बिलात कसं येणार?” आज्जीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा पेटीकडं, मग माझ्याकडं.

“म्हंजे मशीन इसरतं व्हय गं?”

मला उत्तर देता आलं नाही. चार लिटर दुधाचे पैसे किती, याचा हिशेब शहरातला माणूस पटकन करून मोकळा होईल. पण दोन म्हशी, पावसात वैरण आणायला डोंगराच्या कडेला जाणं, पहाटे चारला उठून धार काढणं आणि दर दहा दिवसांनी हातात येणारं बिल, ज्यातून आधी पशुखाद्याची उधारी वळती होते आणि मग उरतं ते घरात येतं, त्या घरात एका वेळचं दूध गहाळ होणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. आणि ती पेटी मी बनवली होती.

उद्यमनगरातली आमची शेड म्हणजे दोन लेथवाल्यांच्या मधली एक खोली. दिवसभर लोखंड कापल्याचा आवाज आणि कुलंटचा वास. तिघं जण काम करतो. पेटीच्या आत तळहाताएवढा लिनक्सचा बोर्ड, एक मेमरी कार्ड आणि सगळ्या नोंदी एकाच फाइलीत, एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये. अशा चाळीसेक पेट्या तेव्हा करवीर, पन्हाळा आणि गगनबावडा तालुक्यांत होत्या. मी शेडवर परतले तेव्हा दोन्ही सहकारी वाट बघत होते आणि धाकट्यानं आधीच निकाल लावला होता. “ताई, एसक्यूलाइटचं व्हर्जनच जुनं आहे. ३.८ मालिकेतलं. बोर्डाबरोबर आलं तेच आपण वापरतोय. नवं टाकूया, प्रश्न मिटला.” खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं होतं. दोष आपल्या हातून दूर, कुठल्यातरी आकड्यात जाऊन बसला की माणसाला हलकं वाटतं.

रात्री कार्ड लॅपटॉपला लावलं. फाइल उघडायला गेलं की ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’. नव्या एसक्यूलाइटच्या कमांडलाइनमध्ये मोडक्या फाइलीतून सापडेल तेवढं उचलून नवी फाइल बांधायची सोय आहे, जुन्यात ती नव्हती. पण फाइलीचा साचा ३.० पासून, म्हणजे २००४ पासून, तोच ठेवला असल्यानं जुन्या पेटीतली फाइल नवा लॅपटॉप बिनतक्रार वाचू शकत होता. चार वर्षांच्या नोंदी ओळीनं परत आल्या. त्या सकाळच्या तेवीस मात्र आल्या नाहीत.

व्हर्जनवर माझा संशय का टिकला नाही, तर वीज जाणं ही एसक्यूलाइटला नवी गोष्ट नव्हे. त्याची मुळंच तिथं आहेत. २००० साली डी. रिचर्ड हिप हे अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेवरच्या प्रणालीसाठी काम करत होते. जहाजाला इजा झाली की काय बंद करायचं, काय वळवायचं हे सांगणारी प्रणाली. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की तीही खोळंबायची. नेमकी गरज पडेल तेव्हा सर्व्हर सापडत नाही, मग सर्व्हरच नको, नुसती एक फाइल असू दे, या विचारातून ते उभं राहिलं. सांभाळायला कुणी जाणकार जवळ नसणार हे गृहीत धरून केलेली ती रचना आहे. भर समुद्रातलं जहाज काय आणि पावसाळ्यातलं गगनबावड्याकडचं गाव काय, त्या अर्थानं सारखंच. तिथंही संध्याकाळी सात वाजता डेटाबेसवाला येत नाही.

फाइलीतल्या एखाद्या पानावर, म्हणजे नोंदींच्या तुकड्यावर, काही बदलायचं असेल तर एसक्यूलाइट आधी त्या पानाची जुनी प्रत शेजारच्या एका फाइलीत उतरवून ठेवतं. नाव तेच, शेवटी ‘-जर्नल’ जोडलेलं. ती प्रत कार्डावर पक्की पोचली की मग मूळ पानाला हात लागतो. सगळं नीट लिहून झालं की जर्नल पुसली जाते, आणि ती पुसली गेली याचाच अर्थ व्यवहार, म्हणजे एकदम पक्का करायचा तो बदल, पुरा झाला. मध्येच वीज गेली तर जर्नल तशीच पडून राहते. पुढच्या वेळी फाइल उघडताना एसक्यूलाइट ती बघतं, ओळखतं की काम अर्धवट राहिलंय, आणि जुनी पानं परत जागेवर ठेवतं. एक नोंद जाते, बाकी सगळं शाबूत. मग आमच्या कार्डावर ती जर्नल कुठं होती? मी पहाटे दोनपर्यंत शोधत होते. जर्नल नव्हती. मग पेटी सुरू होताना आधी काय काय चालतं ती यादी उघडली, आणि तिसऱ्या ओळीवर माझा हात थांबला. कार्ड भरू नये म्हणून डेटाच्या फोल्डरमधल्या ‘डॉट डीबी’ नसलेल्या सगळ्या फाइली पुसून टाकायची आज्ञा होती.

ती ओळ मी लिहिली होती.

चार वर्षं ती ओळ निमूट बसून होती, कारण पेटीला बॅटरी होती आणि लिहिण्याच्या त्या निमिषात वीज कधी गेलीच नव्हती. त्या श्रावणात बॅटरी फुगलेली होती. वीज गेली, पान अर्धवट राहिलं, वीज आली, आणि एसक्यूलाइट जागं व्हायच्या आधी माझ्या त्या ओळीनं त्याची जुनी प्रत केर म्हणून काढून टाकली.

माझे वडील शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. लहानपणी संध्याकाळी मी त्यांना बोलवायला जायची. गुळाच्या रव्यांचा गोड, थोडा करपट वास, तागाचं बारदान, आणि मधोमध बैठ्या मेजामागं ते. त्यांच्यापुढं दोन वह्या असायच्या, रोजकीर्द आणि खतावणी. दिवसभरातलं आलं-गेलं आधी रोजकीर्दीत, घडलं त्या क्रमानं. मग रात्री एकेक ओळ उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत. लिहिता लिहिता दिवे गेले की ते कंदील लावायचे आणि शेवटची ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. अर्धी ओळ तशीच पुढं नेली असं मी कधी पाहिलं नाही. चूक झाली तर खाडाखोड नाही. एक बारीक आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी, शेजारी तारीख आणि दुरुस्त आकडा. मी एकदा विचारलं होतं की घोटूनच का टाकत नाही. ते म्हणाले, “शेतकऱ्यानं विचारलं, आधी काय होतं, तर दाखवायला नको?” २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात घरात कमरेएवढं पाणी होतं. त्यांच्या जुन्या वह्या ट्रंकेत होत्या. पाणी ओसरल्यावर त्या बाहेर काढल्या तेव्हा पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली, शाई पानभर निळी पसरलेली. आम्ही त्या गच्चीवर वाळत घातल्या. काही पानं सुटली. वडील तेव्हा नव्हते, म्हणून मी ती एकटीच सुरीच्या टोकानं सोडवत बसले होते. त्या निळ्या पानांत आडव्या रेघा दिसत होत्या. अक्षरं नाहीत, फक्त त्यांच्यावरच्या रेघा.

दुसऱ्या दिवशी मी गावात जाऊन सांगितलं की चूक मशीनची नाही, माझी आहे. सचिवांनी चिठ्ठ्या मागवल्या. तेवीसपैकी बारा जणांकडं होत्या. त्यांच्या नोंदी चिठ्ठीवरून हातानं घातल्या. अकरा जणांनी चिठ्ठी टाकून दिली होती, पावसात विरघळली होती, पोरांनी होडी केली होती. त्यांना मागच्या दहा दिवसांची सरासरी धरली. बिल जुळलं, कुणी भांडलं नाही. तरी ती सरासरी मला अजून टोचते. त्या सकाळी कुणाच्या म्हशीनं अर्धा लिटर जास्त दिलं असेल, कुणाची आजारी असेल. आकडे बरोबर आले, खरे नाही आले. निघताना आज्जीनं आपली चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. “ठेव तुज्याकडं.” ती रागानं म्हणाली की मायेनं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

ती ओळ त्याच आठवड्यात सगळ्या पेट्यांतून काढली. पण धाकट्यानं उभा केलेला प्रश्न उरलाच. ३.८ आम्ही निवडलं नव्हतं, ते आलं होतं. बोर्डवाल्यानं दिलं ते आम्ही घेतलं. ज्या गोष्टीवर तेराशे घरांचा दहा दिवसांचा हिशेब उभा आहे ती गोष्ट आपण कधी हातात घेऊन बघितलीही नाही, हे फार लागलं. शहरातल्या सर्व्हरवर काही बिनसलं तर रात्रीत बदलता येतं. आमच्या पेट्यांचं तसं नाही. कुंभी नदी फुगली, मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की तिकडं जाता येत नाही. रेंज कधी असते, कधी नसते, आणि दुरून व्हर्जन बदलताना मध्येच वीज गेली तर पेटी दगड. म्हणून तिथं जे ठेवायचं ते असं हवं की पावसाळाभर त्याच्याकडं वळून बघावं लागणार नाही.

मग मी एसक्यूलाइटच्या व्हर्जनांचा इतिहास वाचायला घेतला, रोज रात्री थोडा. हे वाचन रुक्ष असेल असं वाटलं होतं, पण मी त्यात रमले. प्रत्येक व्हर्जनपुढं तारीख आणि खाली काय नवं, काय दुरुस्त. ३.९ पासून आकड्यांची पद्धत सरळ झाली आहे. मधला आकडा वाढला की नवं काही आलं, शेवटचा वाढला की नुसती दुरुस्ती. त्यांच्याकडं आणखी एक पान आहे, एसक्यूलाइटची फाइल कशी कशी बिघडवता येते याचं. व्यवहार चालू असताना फाइल कॉपी करणं, लिहिलं असं खोटंच सांगणारी कार्डं, नकली क्षमतेचे पेन ड्राइव्ह, आणि जर्नल पुसणं. माझी चूक तिथं आधीच लिहून ठेवलेली होती. त्याच पानाच्या शेवटी त्यांनी स्वतःच्या चुकाही मांडल्या आहेत, त्यांच्याच कोडमुळं लोकांच्या फाइली कशा बिघडल्या त्या. हे वाचताना मला वडिलांची ती आडवी रेघ आठवली, आणि माझा विश्वास तिथं बसला. त्यांची परीक्षा कडक आहे, कोडच्या कितीतरी पट मोठं त्याचं तपासणीचं कोड आहे, २०५० पर्यंत सांभाळू असं त्यांनी सांगून ठेवलंय, हे सगळं मला माहीत होतं. पण मला धीर आला तो चुकांच्या यादीनं.

२०२१ च्या उन्हाळ्यात बदल करायचं ठरलं. धाकट्याला ३.३५ हवं होतं, कारण त्यात तक्त्यातला एखादा रकाना थेट काढून टाकायची सोय पहिल्यांदा आली होती आणि आमच्या तक्त्यात एक निरुपयोगी रकाना चार वर्षं लोंबकळत होता. ३.३५.० आलं १२ मार्चला. मी म्हटलं, थोडं थांबूया. मग ३.३५.१, ३.३५.२, ३.३५.३, ३.३५.४ एकामागून एक. १९ एप्रिलला ३.३५.५ आलं आणि त्याखाली स्पष्ट लिहिलं होतं की रकाना काढायच्या नव्या सोयीत असे दोष होते ज्यानं डेटाबेसची फाइल बिघडू शकेल. कोरोनाची दुसरी लाट होती, सगळं बंद, पण दूध रोज चालूच होतं. मी गच्चीत बसून मोबाइलवर ते वाचलं आणि खाली येऊन धाकट्याला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “राहू दे ताई तो रकाना. खात न्हाई, पीत न्हाई.” त्या वर्षी आम्ही काहीच बदललं नाही. जुलैत पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, महामार्ग बंद झाला, आमच्या निम्म्याहून अधिक पेट्यांशी कित्येक दिवस संपर्क नव्हता. टँकरच जाईनात, तेव्हा कितीतरी गावांत संकलनच थांबलं. पाणी उतरल्यावर पेट्या उघडल्या. वीज किती वेळा गेली-आली असेल देव जाणे, जुन्या ३.८ नं एकही फाइल बिघडू दिली नव्हती. मला त्या जुन्या आकड्याविषयी तेव्हा माया वाटली. बदलायचं होतं तरी.

जुनं तसंच ठेवावं असाही मोह होता. पण २०१८ च्या डिसेंबरात, बाहेरून कुणी घुसू शकेल असे दोष जगजाहीर झाले आणि ३.२६ मध्ये दुरुस्त झाले, ते आमच्या पेटीत होतेच. आमच्या पेट्या इंटरनेटवर उघड्या नसल्या तरी तिथं दार उघडं आहे हे माहीत असताना झोप लागत नाही. आणि दुरुस्त्या नव्यात येतात. इतक्या मागं राहिलेल्या जुन्यात त्या कुणी येऊन घालत नाही.

दिवाळीनंतर आम्ही ३.३६ घेतलं. जूनमध्ये आलेलं, चार महिने झालेले, एकही दुरुस्ती निघालेली नव्हती. मला ते मुरलेलं वाटलं. बोर्डावरचं एसक्यूलाइट वापरायचं नाही असंही ठरवलं. त्यांची एकच मोठी सी-फाइल मिळते, ती आमच्या प्रोग्रॅमबरोबरच बांधली, म्हणजे चाळीस पेट्यांत एकच व्हर्जन, कुणाच्या बोर्डात काय निघेल ही धास्ती नाही. डब्ल्यूएएल म्हणजे आधी नव्या नोंदी वेगळ्या वहीत लिहून नंतर मूळ फाइलीत नेण्याची पद्धत वेगवान आहे, वडिलांच्या रोजकीर्द-खतावणीसारखीच, पण ती मी मुद्दाम घेतली नाही. सचिव पेन ड्राइव्हवर नुसती ‘डॉट डीबी’ फाइल ओढून नेतात. ताज्या नोंदी त्या दुसऱ्या वहीत राहिल्या तर नेलेली फाइल अर्धीच. सिंक्रोनस फुल ठेवलं, म्हणजे लिहिलेलं कार्डावर पक्कं पोचेपर्यंत थांबायचं. कार्ड झिजू नये म्हणून तात्पुरता पसारा मेमरीत ठेवायची सोय तेवढी चालू केली.

शेडमध्ये आम्ही एक मांडणी केली होती. पेटी खोट्या नोंदी लिहीत बसायची आणि एक रिले मनाला येईल तेव्हा तिची वीज तोडायचा. वीज परत आली की फाइलीची तपासणी, आणि पुन्हा. रात्रंदिवस तो रिले टक टक करत राहायचा. लेथवाले विचारायचे, काय पाल पाळली काय. आठवडाभरात फाइल एकदाही मोडली नाही. पण एका जातीच्या कार्डावर भलतंच दिसलं. व्यवहार पुरा झाला असं कार्डानं सांगितलं, त्यावर विसंबून चिठ्ठी छापली गेली, आणि वीज परत आल्यावर ती नोंद कार्डावर नव्हतीच. चिठ्ठी आहे, नोंद नाही. आज्जीसारखंच. ती कार्डं आम्ही बाद केली. त्यापुढं कुठल्याही व्हर्जनचा इलाज नव्हता.

आणि मग २०२२ चा जानेवारी. ६ तारखेला ३.३७.२ आलं. ७ च्या रात्री मी सवयीनं त्याची टीप उघडली. ३.३५.० पासून शिरलेला एक दोष: तात्पुरता पसारा मेमरीत ठेवलेला असताना सेव्हपॉइंट, म्हणजे व्यवहाराच्या मध्येच ठेवलेली परत येण्याची खूण, मागे घेतला, पुढं आणखी बदल केले आणि बाहेरचा व्यवहार पुरा केला, तर डेटाबेस बिघडू शकतो. मी ते तीनदा वाचलं. आमचं दहा दिवसांचं बिल अक्षरशः असंच बनतं. एकेका उत्पादकाचा हिशेब सेव्हपॉइंटमध्ये, कुणाची उधारी जुळली नाही तर तेवढा मागे घ्यायचा, पुढच्याकडं जायचं, शेवटी सगळं एकदम पक्कं करायचं. आणि तात्पुरता पसारा मेमरीत, तोही माझाच हट्ट. नऊ महिने तो दोष कुणालाच दिसला नव्हता आणि मी त्याला मुरलेलं म्हणाले होते. बिलाची तारीख १०.

आम्ही तिघं तीन दिशांना निघालो. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरलेले, पुढं ट्रॉली, मागं ट्रॉली, मध्ये माझी दुचाकी आणि डोळ्यांत पाचटाची कुसं. प्रत्येक गावात तेच. सचिवांना बोलवा, पेटी उघडा, फाइलीची प्रत घ्या, तपासणी चालवा, ३.३७.२ घाला, पुन्हा तपासणी. ‘ओके’ हे दोन अक्षरी उत्तर येईपर्यंत मी श्वास धरून बसत होते. एका पेटीत मागच्या महिन्यात सेव्हपॉइंट मागे घेतल्याची नोंद सापडली. फाइल शाबूत होती. का शाबूत राहिली ते मी पुढं बरेच दिवस शोधत होते.

आता हे आम्ही वर्षातून एकदाच करतो, पावसाळा सरल्यावर, आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे घालायला लागतात त्या सुमाराला. रस्ते वाळलेले असतात, ट्रॉल्या अजून सुरू व्हायच्या असतात. तोवर वर्षभरातल्या सगळ्या टिपा वाचून झालेल्या असतात, आणि आम्ही काय काय वापरतो त्याची यादी शेजारी ठेवून मी एकेक ओळ ताडून बघते. रिले महिनाभर टकटकून घेतो. मधल्या काळात खरंच जिवावरचं काही आलं तर तेवढ्यापुरतं निघायचं. धाकटा आता स्वतःच म्हणतो, शेवटी शून्य असलेलं घ्यायचं न्हाई. ३.३६.० लाही शेवटी शून्यच होतं, हे त्याला मी सांगायची गरज पडत नाही.

त्या जानेवारीतल्या ८ तारखेच्या दुपारी मी आज्जीच्या गावात होते. पेटीचं काम आटोपलं तेव्हा चार वाजले होते. आज्जीनं हाक मारली, चहा पिऊन जा म्हणाली. तिचा गोठा संस्थेच्या मागंच. निरशा दुधाचा दाट चहा, म्हशीच्या अंगाची ऊब, कडब्याचा वास. बसल्या बसल्या माझं लक्ष समोरच्या सारवलेल्या भिंतीवर गेलं. कोळशाच्या रेघा. एक उभी, एक आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी.

“सकाळ उबी, सांज आडवी,” ती म्हणाली. “बिल आलं की पुसायची.”

“कधीपासून, आज्जी?”

“ही मारायची सवयच हाय. तवापासनं जरा नीट मारतो.”

मी रेघा मोजल्या. पंधरा. लॅपटॉप मांडीवर घेतला, नुकत्याच उतरवलेल्या प्रतीत तिचा नंबर घालून १ तारखेपासूनच्या नोंदी मोजल्या. पंधरा. ती माझ्याकडं बघत होती.

“जुळलं?”

“जुळलं.”

ती मान हलवून उठली. सांजेची धार काढायची होती. पितळी चरवीत पहिली धार वाजली ती ऐकत मी बसून राहिले. मग ती किटली घेऊन संस्थेत गेली, मी मागोमाग. काट्यावर दूध, मशीनमध्ये नमुना, आणि प्रिंटरमधून चिठ्ठी सरकत बाहेर. तिनं ती न वाचताच घडी करून कनवटीला लावली. परत गोठ्यात आली, कोनाड्यातला कोळसा घेतला आणि पंधराव्या रेघेशेजारी एक आडवी रेघ ओढली.